शिवेबाहेर गेलेली बाज

“तान अजून! आनखी तान! हिच्यावर बाळंतीन निजनार हाय, म्हैस नाय बसनार!”

मित्रांनो, मी जन्मले तेव्हा कानावर पडलेला हा पहिला आवाज. तो सखूबाईचा होता. त्या काळातलं आता कुणीच राहिलेलं नाही, पण तो आवाज आठवला की माझे चारही पाय अजून आपोआप सरळ होतात.

मी एक जुनी बाज आहे. तुम्ही मला खाट म्हणाल. चार पाय, चार दांड्या आणि मधे सुंभाची वीण, एवढाच माझा संसार. ठाण्याच्या कोपरीत, खाडीच्या काठाला, मिठागरांचे चौकोन उन्हात आरशासारखे लखलखायचे, तिथं मला काळुरामानं घडवलं. काळुराम मिठागरात राबणारा माणूस. त्यानं मला एकही खिळा मारला नाही. खाऱ्या वाऱ्यात लोखंड दोन पावसाळे टिकत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? माझे सगळे सांधे त्यानं लाकडी खुंट्यांनी बसवले. त्याची बायको सखूबाई ही गावची सुईण. ती समोर उभी राहून त्याला ताण म्हणायची, आणि तो घाम पुसत हसून म्हणायचा, “तुझ्या तोंडाइतका तान सुंभाला नाय सोसनार गो.”

अशी मी जन्मले, थट्टेमस्करीत. आणि पुढं तीस वर्षं बाळंतिणींना झेलत राहिले.

गावात माझ्यासाठी काही नेम होते. दिवस भरत आले की त्या घरचे दोन पुरुष मला न्यायला येत. माझे पाय आभाळाकडे करायचे नाहीत. माझ्यावर नारळ आणि मूठभर तांदूळ ठेवूनच उंबऱ्याच्या आत न्यायचं. बाळंतिणीखेरीज कुणी माझ्यावर अंग टाकायचं नाही. एका घरचं बाळंतपण उरकलं तरी मला परत पाठवायचं नाही. दुसऱ्या घरातून बोलावणं येईपर्यंत मी तिथंच पडवीत, भिंतीला टेकून. रिकामी बाज सुइणीच्या दारी परत आली तर गावाची कूस रिकामी होते, असं बायका म्हणत. आणि सगळ्यात मोठा नेम असा, की बाज गावच्या शिवेबाहेर जाता कामा नये.

मला हे नेम आवडायचे. लाकडालासुद्धा मान आवडतो, मित्रांनो. माझ्याखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवत, तिच्यावर ओवा आणि शेपा टाकत. तो कडवट गोड धूर माझ्या विणीतून वर चढे, आणि वर निजलेल्या लेकीची कंबर हळूहळू सैल पडे. मग कुणी म्हातारी उशाशी बसून गाई,

बाजेच्या गं पायापाशी, निखारा मंद ठेवा
कुशीत निजला गं बाई, बाळंतिणीचा दिवा

किती दिवे माझ्यावर तेवले, मी मोजले नाहीत. काही विझलेही. त्या घरांतून मला नेताना कुणी नारळ ठेवत नसे, फक्त माझ्या दांडीवरून हात फिरवत. कोपरीत म्हण पडून गेली होती, हात सखूचे आणि बाज काळूची. ती ऐकली की सखूबाई अभिमानानं फुगे, आणि मीही.

याच गावात सगुणा राहत होती. सखूबाईची लहानपणापासूनची मैत्रीण. एका विहिरीवर पाणी भरलेल्या, एकाच जत्रेत बांगड्या भरलेल्या. सगुणाचा मुलगा धाकू मिठागरावर मुकादम. त्याची बायको तुळसा, डोंबिवलीकडच्या गावची, लहानखुरी, अंगणात चालली तरी पैंजण वाजू नयेत अशी. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. तुळसा गेली, आणि चार महिन्यांनी चांगुणा नावाची गुटगुटीत मुलगी घेऊन आली. जरा उशीर झाला, पण कुणी फार विचारलं नाही.

दीड वर्षात तिला पुन्हा दिवस राहिले. दुसरं बाळंतपण सासरचं. सखूबाईनं आधीच ओवा निवडून ठेवला होता. पण तुळसा पुन्हा माहेरी निघून गेली. त्या वेळी मी सगुणाच्याच घरी होते, तिची लेक नंदा बाळंतपणाला आली होती म्हणून. नंदाच्या बाळाला न्हाऊ घालता घालता सखूबाईनं विषय काढलाच.

“सगुने, दुसरं पोर पन माहेरी? माझ्या हाताला काय काटे उगवले?”

“तिच्या आयला हौस हाय गो.”

“हौस पहिल्याची. दुसऱ्याला आयच्या कनगीतले तांदूळ पन बोंबा मारतात. खरं काय ता सांग.”

सगुणा ऊन पाणी आणायच्या निमित्तानं उठून गेली. सखूबाईनं बाळाला पुसलं, नंदाच्या मांडीवर दिलं आणि त्या दिवसापासून सगुणाच्या अंगणात पाऊल टाकलं नाही. दोन मैत्रिणी विहिरीवर एकमेकींच्या घागरींकडे बघत, तोंडाकडे नाही.

दोन महिन्यांनी तुळसा परत आली. हात रिकामे होते.

नंदा तोवर आपल्या घरी गेली होती आणि मी पडवीत उभी होते. एका दुपारी सगुणानं मला आत घेतलं, दार लोटलं, तुळसाला माझ्यावर निजवलं आणि तेलाची वाटी घेऊन बसली. बाळंतिणीला चोळायचं काम सुइणीचं. सासू स्वतः का बसली, ते मला तेव्हाच कळलं. तुळसाच्या बेंबीखालून एक उभा वण उतरला होता. जुना, पांढुरका. आणि त्याच्या अंगाला लागून दुसरा, अजून गुलाबी.

त्या दोघींच्या बोलण्यातून मला सगळी हकिकत समजली. तुळसाच्या कमरेच्या हाडांची वाटच अरुंद होती. पहिल्या खेपेला ती माहेरी दोन दिवस अडली, तेव्हा बापानं तिला आगगाडीत घालून मुंबईला बायकांच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं तिला औषध हुंगवून निजवलं, पोट आणि गर्भाची पिशवी कापून चांगुणाला बाहेर काढलं, आणि पुन्हा शिवलं. त्या काळी अशा कापण्यातून फार थोड्या जणी उठत. तुळसा उठली. सगुणा कोपरीहून धावत गेली आणि उशाशी बसून राहिली होती. दुसऱ्या खेपेला कळा लागायच्या आधीच पुन्हा कापावं लागलं. मुलगा झाला. तीन दिवस जगला.

“आत्याबाय,” तुळसा छताकडे बघत म्हणाली, “तो श्वास घ्यायला येवढा का झगडत होता?”

“दिवसांच्या आधी काढला ना गो त्याला. कच्चं फळ.”

“त्याचं तोंड कोनासारखं होतं? मना नीट बघायला पन नाय मिळालं.”

सगुणाचा हात थांबला. “तुझ्यासारखं. कपाळ तेवढं धाकूचं.”

मग ती बराच वेळ चोळत राहिली, इतक्या हलक्या हातानं की माझा एकही सुंभ करकरला नाही. शेवटी म्हणाली, “कोनाला सांगू नको, बाय. पोट फाडलेली म्हनून बोटं दाखवतील. धाकूचा चुलता टपलाच हाय दुसरी बायको करा म्हनायला. तुझ्या डोक्यावर सवत आनू का मी? माझी शपथ हाय.”

तुळसानं शपथ पाळली. मीही पाळली, मला दुसरं काय करता येणार होतं?

पुढं अडीच वर्षांनी तुळसाला तिसऱ्यांदा दिवस राहिले. ते गाठीच्या तापाचं, म्हणजे प्लेगचं साल होतं. मुंबईत माणसं पटापट मरत होती. जी जगली ती गाठोडी बांधून ठाण्याकडे पळत येत होती. स्टेशनावर डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या काखा तपासत. अशा वेळी मुंबईला जायचं नाव कोण काढणार? धाकू म्हणाला, “आये, आता कसं?” सगुणा म्हणाली, “वाघाच्या गुहेत नेऊ का पोरीला? हितंच बघू. तिसरं पोर सोपं जातं.” ती हे म्हणाली खरं, पण तिनं मला आधीच आणवून पडवीत ठेवलं होतं, आणि माझ्या शेजारून जाताना ती दर वेळी माझ्या दांडीला हात लावून तो कपाळाला लावायची. घाबरलेलं माणूस लाकडालाही देव करतं.

आठवा लागला. सगुणानं मान खाली घालून सखूबाईला निरोप पाठवला, आणि सखूबाई सगळा रुसवा घागरीत बुडवून आल्यासारखी लगबगीनं आली. आल्या आल्या तिनं मला अंगणात उन्हात घेतलं आणि माझे सुंभ कसायला बसली. तिच्या वयाला आता ताण सोसवत नव्हता. पाय दांडीला लावून ती मागं झुकायची आणि स्वतःलाच म्हणायची, “तान, म्हातारे.”

पाच वर्षांची चांगुणा येऊन शेजारी उकिडवी बसली. “आजी, ह्या जागेवर दोन गाठी कशाला?”

“हितं सुंभ तुटला होता. गाठ मारली. मग परत तिथंच तुटला.”

“मग तिसऱ्यांदा?”

“तिसऱ्यांदा गाठ नाय मारायची. दोरच बदलायचा.”

चांगुणानं विचार केला आणि सहज म्हणाली, “माझ्या आयच्या पोटावर पन आसाच सुंभ हाय. दोन.”

तीस वर्षांत सखूबाईचे हात असे थांबलेले मी पाहिले नव्हते. ती उठली, तशीच आत गेली. मी अंगणात असले तरी भिंत कुडाचीच होती, आतलं सारं ऐकू येत होतं.

“तुळसे, निऱ्या सैल कर.”

“पोटाला हात नाय लावायचा!” हा सगुणाचा आवाज.

“मग काय दारातनं मंतर फुंकू?”

मग तुळसाचा बारीक आवाज आला, “राहू द्या, आत्याबाय. बघू द्या तिला. मना पन भ्या वाटतंय. दोन दिवस रक्त दिसतंय थोडं थोडं.”

ती शपथ मोडत होती, आणि मला वाटलं, किती बरं झालं.

मग सखूबाई बोलली. ओरडेल असं वाटलं होतं, पण तिचा आवाज अगदी खाली गेला होता. “मी काय करनार होते, ठावं हाय तुना? कळा मंदावल्या असत्या तर काढा पाजला असता. पोर सरकलं नसतं तर वरनं पोट दाबलं असतं. चाळीस जनींचं दाबलंय. माझ्या ह्या हातांनी ही शिवन उसवली असती, सगुने. आय पन गेली असती नि पोर पन. नि मी म्हनाले असते, देवाची मर्जी.”

सगुणा रडू लागली.

“डॉक्टरीनबाय काय म्हनाली होती?” सखूबाईनं विचारलं.

“जपा म्हनाली.”

“येवढंच?”

सगुणा बाहेर आली आणि माझ्या कडेवर हात टेकून उभी राहिली. तिची बोटं माझ्या सुंभात अडकली होती. “येवढंच,” ती म्हणाली.

धाकू मिठागरावरून आला तेव्हा सखूबाई उंबऱ्यातच उभी होती. “हिला आजच मुंबईला न्यायची.”

“अगो, तिथं साथ हाय! कळा लागल्यावर बघू ना.”

“कळा लागल्यावर बघायला काय उरनार नाय, धाकू. सुंभ तुटायच्या आधी बदलायचा आसतो. साथ सगळ्यांना गाठत नाय. ही शिवन मात्र नक्की उसवनार.”

स्टेशन जवळच, पण तुळसाला चालवायचं नव्हतं, आणि बैलगाडीचे हिसके तिला सोसले नसते. सखूबाईनं माझ्याकडे बोट केलं. शेजारच्या म्हाताऱ्या पुढं झाल्या. “बाज शिवेबाहेर? नेम कोनी मोडायचा?”

“नेम बाळंतिनीसाठी हाय,” सखूबाई म्हणाली, “बाळंतीन नेमासाठी नाय. उचला रे!”

धाकू, काळुराम आणि शेजारचे दोघे, अशा चार खांद्यांवर मी निघाले. मित्रांनो, माणसाला आडवं करून खांद्यावरून नेतात ते एकाच वाटेनं, हे तुम्हाला ठाऊक आहे. रस्त्यावरचे लोक आम्हाला पाहून हात जोडत, बायका तोंडाला पदर लावत. पुढं सखूबाई धावत होती आणि ओरडत होती, “जित्ती हाय गो, जित्ती हाय! हात जोडू नका, वाट द्या!” मागं सगुणा तुळसाचा हात धरून चालली होती. त्या वाटेवर मी एकच काम केलं. माझ्या जन्मात मी कधी एवढी ताठ राहिले नव्हते.

गाडीत बसवताना तुळसाला हातांवर उचललं. धाकू, सगुणा आणि सखूबाई तिच्याबरोबर गेली. मी फलाटावर रिकामी उभी. काळुरामानं मला डोक्यावर घेतलं आणि चांगुणाचं बोट धरून परत आणलं. पण त्यानं मला भिंतीला टेकवलं नाही. सगुणाच्या पडवीत आडवीच ठेवली. चांगुणानं विचारलं तर म्हणाला, “हिला उभी केली तर तुझ्या आयची वाट बघायची सोडली असं होईल.” रोज सकाळी ती दोघं येऊन माझ्यावरची धूळ झटकत. चांगुणा दर वेळी विचारी, “आज?” आणि तो म्हणे, “आज नाय तर उद्या.” असे चाळीस-एक दिवस गेले.

आणि मग एका सकाळी ती आली. मिठासारखी पांढरी पडली होती, पण स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडत होती. सखूबाईच्या पदरात मुठीएवढी मुलगी होती. काळुराम मिठागरावर निघाला होता. तो तसाच दारात बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसू लागला, की रडू लागला, मला नीट दिसलं नाही.

सखूबाईनं गावातल्या बायकांना एकेकीला बोलावून सांगितलं, काही म्हणजे काही लपवलं नाही. जुन्या शिवणीपाशी पिशवी कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ झाली होती. एक जोराची कळ आली असती तर फाटलीच असती. बाळाची वार त्या जुन्या वणातच रुतून बसली होती, सुटता सुटेना. रक्त थांबेना. शेवटी डॉक्टरीणबाईनं गर्भाची पिशवीच काढून टाकली, तेव्हा जीव राहिला. आता तुळसाला पुन्हा मूल होणार नव्हतं. “मी सुईन,” सखूबाई म्हणाली, “पन मना हे ठावं नव्हतं. आता ठावं झालं. जिचं पोट एकदा कापलंय, तिनं मना पहिल्या दिवशी सांगायचं. मी तिला दवाखान्याच्या दारापर्यंत नेनार, पुढं नाय.”

धाकूचा चुलता एकदा बोलायला आलाच. धाकूनं त्याला पाणी दिलं आणि म्हणाला, “काका, दोन लेकी नि एक बायको, येवढे जीव हायेत घरात. आनखी कशाला?” चुलता पाणी पिऊन गेला.

मित्रांनो, माझं आता वय झालं. माझा सुंभ कितीदा बदलला, एक पाय वाळवीनं खाल्ला, आणि कित्येक वर्षं मी माळ्यावर पडून आहे. मला वैद्यकी कळत नाही. पोट कापून बाळ काढणं वाईट, असं मी मुळीच म्हणणार नाही. त्याच कापण्यानं चांगुणा आणि तिची आई वाचली. पण मी ताणाची जात आहे, म्हणून एवढं सांगते : एकाच जागी पुन्हा पुन्हा शिवलं की ती जागा दर खेपेला दुबळी होते. तिला भरून यायला काळ द्यावा लागतो. तिच्यावर भार घालण्याआधी जाणत्याला विचारावं लागतं. आणि तिला लपवलं तर सगळ्यात मायेचा हातसुद्धा तिचा घात करू शकतो. तुमच्या आईच्या पोटावर असा वण असेल, तर त्याची लाज वाटू देऊ नका. तुम्ही त्या वाटेनं आलात. तिला हळूच विचारा, दुखतं का गं अजून?

एक गोष्ट सांगायची राहिली. तुळसा आली त्याच दुपारी घडलेली. ती माझ्यावर निजली होती, कुशीत ती मुठीएवढी पोर. खाली शेगडी मंद होती. सखूबाई चांगुणाला घेऊन विहिरीवर गेली होती. सगुणा तेलाची वाटी घेऊन आली, पण चोळायला बसली नाही. माझ्या पायाशी जमिनीवरच बसली. वाटी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

“आत्याबाय, काय झालं?” तुळसानं विचारलं.

सगुणानं माझ्या दांडीवर कपाळ टेकलं.

“पहिल्याच खेपेला डॉक्टरीनबायनं मना बाजूला नेऊन सांगितलं होतं, बाय. ही शिवन भरायला वरसं लागतील. तीन वरसं तरी पोर राहू देऊ नका, म्हनाली. दर खेपेला धोका वाढतो, म्हनाली. मी मान डोलावली नि घरी येऊन गप ऱ्हायले. धाकूला नाय सांगितलं, तुना नाय सांगितलं. सवतीचं भ्या होतं, ते खरं. पन नातू पायजे होता मना, हे त्याहून खरं. तुझा तो ल्योक कच्चा मीच खुडला गो.”